कर्जखतापासून डिजिटल सहीपर्यंत : सुपे व इंदापूरच्या निमित्ताने लेखप्रामाण्याचा विचार

एखादा लेख खरा कशावरून मानावा, हा प्रश्न इतिहाससंशोधकाच्या नित्य परिचयाचा आहे. आज तोच प्रश्न संगणकांनी परस्परांस धाडलेल्या संदेशांविषयी विचारला जातो. दोन्ही ठिकाणी शंका तीन असतात. लेख कोणाचा? तो लिहिला तसाच आहे काय? आणि एकदा वापरून झालेला लेख पुन्हा पुढे केला गेला नाही ना? बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांच्या इतिहासात या तिन्ही शंकांनी शेतकऱ्यांच्या जमिनी घालविल्या आहेत. म्हणून या प्रश्नाचा विचार तेथील उदाहरणांच्या आधारे करण्याचे योजिले आहे.

मराठेशाहीच्या दप्तरांत पत्राच्या माथ्यावर शिक्का आणि अखेरीस मोर्तब उठविण्याचा प्रघात आढळतो. लेख कोणाचा हे शिक्का सांगे; ‘मर्यादेयं विराजते’ किंवा ‘लेखनसीमा’ अशा अक्षरांचे मोर्तब मजकूर येथे संपला हे सांगे. मोर्तबाखाली कोणी एखादी ओळ घुसडली तर ती तत्काळ ओळखू येई. लांब कागद जोडून लिहिला असल्यास सांध्यांच्या पाठीवर शिक्का मारीत, म्हणजे मधला तुकडा बदलता येऊ नये. कर्ता कोण आणि मजकूर अखंड आहे काय, हे दोन निरनिराळे प्रश्न आहेत याची जाण त्या कारकुनांस पुरेपूर होती.

सावकाराच्या कर्जखतात मात्र ही जाण लोपलेली दिसते. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे, म्हणजे तेव्हाच्या भीमथडी व आजच्या बारामती तालुक्यात, शेतकऱ्यांचा जमाव सावकारांवर चालून गेला. त्याची मुख्य मागणी खतांची आणि वह्यांची होती. हाती आलेले कागद त्याने जाळले. इंदापूरसह पुणे व अहमदनगर जिल्ह्यांच्या अनेक भागांत त्याचे पडसाद उमटले. पुढे नेमलेल्या चौकशी आयोगासमोर खतांविषयीच्या तक्रारी आल्या. घेतलेल्या रकमेहून अधिक आकडा लिहिलेला असे. फेडीची पावती मिळत नसे. फेडलेले खत परत न देता त्यावरच पुन्हा मागणी होई. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने खताची मुदत तीन वर्षांची ठरविली. हेतू व्याज साचू नये हा होता. प्रत्यक्षात दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिळवून नवे खत लिहून घेण्याची रीत पडली.

येथे सहीचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. निरक्षर कुणब्याची निशाणी नांगर असे आणि तीही बहुधा लिहिणाराच काढी. सर्व कुणब्यांची निशाणी एकच असल्यामुळे ती विशिष्ट माणसाकडे बोट दाखवू शकत नव्हती. तिचे बळ साक्षीदारांवर, आणि साक्षीदार पुष्कळदा सावकाराच्या शब्दातले. मूळ कागद एकट्या धनकोपाशी राही. अशा स्थितीत कागद जाळणे हा ऋणकोस सुचलेला एकमेव उपाय असल्यास नवल नाही.

१८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने या दोषांवर एकेक उपाय योजिला. शेतकऱ्याने करून द्यावयाचा दस्त गावनिबंधकासमोर लिहिला जावा. मोबदला पूर्णपणे नमूद व्हावा. जुन्या खताच्या जागी नवे होत असल्यास जुने हजर करून त्यावर निबंधकाने खूण करावी. नोंद वहीत राहावी. एका पक्षास मूळ दस्त आणि दुसऱ्यास प्रमाणित नक्कल मिळावी. पावतीचा हक्कही मान्य झाला. न्यायालयाने केवळ खताकडे न पाहता व्यवहाराचा पूर्वेतिहास तपासावा, ही तरतूद तर विशेषच महत्त्वाची होय.

आता डिजिटल सहीची रचना पाहू. संदेशातून गणिती रीतीने एक निश्चित लांबीचा गोषवारा काढतात. त्यास हॅश म्हणतात. मजकुरात एक अक्षर बदलले तरी गोषवारा बदलतो. धनी आपल्या खासगी किल्लीने या गोषवाऱ्यावर सही करतो आणि कोणीही सार्वजनिक किल्लीने ती पडताळू शकतो. डिफी आणि हेलमन यांनी १९७६ मध्ये मांडलेल्या कल्पनेचे हे फलित आहे. ती सार्वजनिक किल्ली कोणाची, हे सांगणारा प्रमाणन अधिकारी म्हणजे या व्यवस्थेतील गावनिबंधक. भारतात माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० याने अशा सहीस वैधता दिली.

दोन संगणकसेवांमधला संदेश अनेक हातांतून जातो. वाटेतला प्रत्येक टप्पा सुरक्षित असला तरी मुक्कामाच्या ठिकाणी मजकूर उघडा होतो. म्हणून सही संदेशाबरोबरच प्रवास करील अशी योजना करावी लागते. त्यासाठी एक्सएमएल सहीचे मानक २००२ मध्ये आणि वेबसेवांच्या सुरक्षिततेचे मानक २००४ मध्ये आले. योजना करताना चार पथ्ये पाळावी लागतात. मजकूर प्रथम एका ठराविक रूपात आणावा, कारण केवळ रिकाम्या जागेच्या फरकानेही हॅश बदलतो. मजकुराबरोबर वेळ आणि एकदाच वापरावयाचा क्रमांक यांवरही सही असावी. फेडलेले खत पुन्हा पुढे करण्यास तेवढाच आळा. प्रमाणपत्र रद्द झालेले नाही याची खात्री करावी. आणि सही ज्या भागावर पडताळली, कारभारही त्याच भागावरून व्हावा. अन्यथा सही केलेला भाग बाजूस सरकवून त्याच्या जागी दुसराच वाचावयास देता येतो.

इंदापूर तालुक्यास या संदर्भात वेगळे स्थान आहे. प्रिंगल यांची महसूल आकारणी फसल्यानंतर गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३६ मध्ये येथूनच नवी आकारणी सुरू केली आणि ती तीस वर्षांसाठी कायम केली. जमिनीचा प्रत्येक तुकडा क्रमांकाने ओळखण्याच्या या परंपरेतूनच पुढे सातबारा आकारास आला. १ मे २०१८ पासून महाराष्ट्रात डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. तलाठ्याने फेरफार नोंदवावा, हितसंबंधितांस नोटीस जावी आणि मंडल अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित करावी, हा क्रम मात्र कागदाच्या काळातलाच आहे.

तो क्रम टिकला हे योग्यच झाले. कारण डिजिटल सही मजकूर बदलला नाही एवढेच सिद्ध करते. मजकूर सत्य आहे असे नव्हे. चुकीची नोंद तिच्यामुळे अधिक भक्कम होते. सुप्याच्या खतांतही नांगर काढलेलाच होता. खोटा होता तो वरचा आकडा. शिवाय खासगी किल्ली धन्याऐवजी दुसऱ्याच्याच हाती राहिली, तर लिहिणाऱ्याने काढलेल्या नांगराची निशाणी नव्या रूपात परत आली असेच म्हणावे लागेल. व्यवहाराचा पूर्वेतिहास तपासण्याचा न्यायालयाचा अधिकार, नोटिशीवर हरकत घेण्याचा खातेदाराचा हक्क आणि किल्ली ज्याची त्याच्याच ताब्यात असण्याचा आग्रह, या तीन गोष्टींवाचून सहीचे गणित कितीही निर्दोष असले तरी लेखास प्रामाण्य येत नाही. १८७५ च्या राखेतून हाती लागणारा निष्कर्ष तो हाच.