बुडालेल्याचा श्वास : प्रथमोपचाराच्या एका तत्त्वाची वाटचाल

प्रथमोपचार म्हणजे वैद्यकीय मदत येईपर्यंत जवळच्या माणसाने जीव टिकवण्यासाठी केलेली धडपड. ही व्याख्या आज सहज पटते. परंतु वैद्यकाचे शिक्षण नसलेल्या माणसाला हे काम शिकवता येते आणि शिकवलेच पाहिजे, हा विचार युरोपात संघटित रूपाने रुजला तो अठराव्या शतकात, आणि तोही मुख्यतः बुडणाऱ्यांच्या निमित्ताने.

कालव्यांच्या अ‍ॅमस्टरडॅम शहरात पाण्यात पडून मरणाऱ्यांची संख्या मोठी असल्याने १७६७ मध्ये तेथील नागरिकांनी बुडालेल्यांना वाचवण्यासाठी संस्था स्थापन केली. सरकारी अधिकारी येण्यापूर्वी देहाला हात लावल्यास आपल्यावर बालंट येईल, अशी धास्ती लोकांच्या मनात असल्यामुळे अज्ञानाइतकाच या भीतीशीही संस्थेला झगडावे लागले; म्हणून जीव वाचवणाऱ्यास तिने बक्षीस जाहीर केले आणि उपचारासाठी जागा देणाऱ्याचा खर्च भरून देण्याची हमी घेतली. लंडनमध्ये विल्यम हॉज आणि टॉमस कोगन या वैद्यांनी १७७४ मध्ये याच धर्तीवर संस्था काढली.

त्या काळच्या सूचनांत योग्य आणि अयोग्य उपाय शेजारी शेजारी नांदत होते. अंगाला ऊब द्यावी आणि तोंडाला तोंड लावून हवा फुंकावी, हे सांगतानाच गुदद्वारातून तंबाखूचा धूर आत सोडावा, म्हणजे शरीर उत्तेजित होते, असेही सांगितले जाई. तंबाखूतील विष प्राण्यांचे हृदय बंद पाडू शकते, असे बेंजामिन ब्रॉडी यांनी १८११ मध्ये प्रयोगांनी दाखवल्यानंतर धुराचा उपाय मागे पडला. तोंडाने श्वास देण्याचा उपाय मात्र योग्य असूनही बाजूला सारला गेला. कारण ऑक्सिजनचा शोध लागल्यावर उच्छ्वासाची हवा निरुपयोगी मानली जाऊ लागली आणि तिच्या जागी भाता आला, जो फुप्फुसांना इजा करतो असे दिसल्याने पुढे तोही वापरातून गेला.

त्यानंतर सुमारे शंभर वर्षे हाताने छाती दाबण्याच्या किंवा अंग हलवण्याच्या पद्धतींचे राज्य होते. बेशुद्ध माणूस उताणा असताना त्याची जीभ मागे पडून श्वासमार्ग अडतो, हे ध्यानात घेऊन मार्शल हॉल यांनी १८५६ मध्ये त्याला पालथे करून कुशीवर वळवत राहण्याची रीत सुचवली. लगेच १८५८ मध्ये हेन्री सिल्व्हेस्टर यांनी उताणे ठेवून हात डोक्यामागे ताणण्याची, १९०३ मध्ये एडवर्ड शेफर यांनी पालथे घालून पाठ दाबण्याची, तर १९३२ मध्ये होल्गर नील्सन यांनी पाठ दाबून कोपरे उचलण्याची पद्धत मांडली. १८७७ मध्ये स्थापन झालेल्या सेंट जॉन अ‍ॅम्ब्युलन्स असोसिएशनसारख्या संस्थांच्या वर्गांतून सामान्य माणसे अशी तंत्रे शिकू लागली.

या पद्धतींची खरी परीक्षा १९५० च्या दशकात झाली. उच्छ्वासात सुमारे १६ टक्के ऑक्सिजन शिल्लक असतो आणि तो दुसऱ्याला जगवण्यास पुरतो, हे जेम्स एलम यांनी दाखवले. पीटर सफर यांनी बाल्टिमोरमध्ये औषधाने स्नायू शिथिल केलेल्या स्वयंसेवकांवर वैद्यकाबाहेरच्या माणसांकडून हाताने दाबण्याची आणि तोंडाने श्वास देण्याची अशा दोन्ही पद्धती करवून घेतल्या, तेव्हा पाठ दाबून पुरेशी हवा आत जात नाही आणि डोके मागे झुकवून हनुवटी उचलली की बंद श्वासमार्ग मोकळा होतो, हे स्पष्ट झाले. १९६० मध्ये कौवेनहोव्हन, ज्यूड आणि निकरबॉकर यांनी छातीवर तालबद्ध दाब देऊन रक्ताभिसरण चालू ठेवण्याचे तंत्र प्रसिद्ध केले, आणि त्याच सुमारास नॉर्वेतील खेळणी बनवणारे ऑसमुंड लेरडाल यांनी सरावासाठी बाहुली घडवली.

या इतिहासातून प्रथमोपचाराचे जे तत्त्व सिद्ध होते ते असे की, मदतीची इच्छा पुरेशी नसते; पारखलेली कृती हवी, आणि अपाय करणारी कृती सोडून देण्याची तयारीही हवी. महाराष्ट्रात विहिरीतून किंवा नदीतून काढलेल्या माणसाला पालथे घालून किंवा उलटे धरून पोटातले पाणी काढण्याची रीत अजूनही दिसते. तिने पोटातले पाणी व अन्न श्वासमार्गात जाण्याचा धोका वाढतो आणि मोलाची मिनिटे वाया जातात. श्वास थांबला असेल तर मदत बोलावून, डोके झुकवून आधी तोंडाने श्वास द्यावा आणि मग छातीवर मिनिटाला १०० ते १२० या गतीने दाब द्यावा, ही आजची शिकवण आहे.

चौकशीचे शुक्लकाष्ठ मागे लागेल, ही अ‍ॅमस्टरडॅमकरांची भीती भारतातही ओळखीची आहे. रस्ते अपघातांपुरती ती दूर करण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाच्या मार्गदर्शक तत्त्वांना बळ दिले आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात तसे कलम आले. कायदा धास्ती कमी करू शकतो. परंतु विहिरीच्या काठावर पहिल्या चार-पाच मिनिटांत उभी असतात ती शेजारपाजारची माणसे, आणि त्यांच्या हातांना योग्य कृती शिकवण्याचे अडीचशे वर्षांपूर्वी सुरू झालेले काम प्रत्येक गावात पुढे न्यावेच लागेल.