सहीची साक्ष

जुनी वस्तू दुर्मिळ होते ती काळाच्या माऱ्यामुळे. वाळवी, ओल, आग आणि रोजचा वापर यांतून जी तगते, तिचे मोल वाढते. सचित्र अभिजात नाटकांच्या सही केलेल्या मर्यादित आवृत्त्या मात्र जन्मतःच दुर्मिळ होत्या, कारण किती प्रती काढायच्या हे प्रकाशकाने आधीच ठरवलेले असे. १९०८ साली लंडनच्या विल्यम हाइनमन यांनी शेक्सपिअरचे ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’ आर्थर रॅकम यांच्या चित्रांसह काढले. त्याच्या १००० खास प्रतींवर चित्रकाराची सही होती, आणि तीच चित्रे असलेली साधी आवृत्तीही निघाली. त्याच वर्षी एडमंड ड्युलॅक यांच्या चित्रांच्या ‘द टेम्पेस्ट’च्या ५०० प्रती सहीसह आल्या. तेव्हा दुर्मिळता हाच मोलाचा आधार मानला, तर आपण एका व्यापारी निर्णयाची किंमत मोजतो. मोल शोधायचे असेल तर सही कशाची साक्ष देते, हे पाहिले पाहिजे.

रॅकम यांची मूळ जलरंगचित्रे छायाचित्रण करून तीन रंगांच्या ठशांनी गुळगुळीत कागदावर छापली जात आणि मग जाड पानावर चिकटवली जात. पूर्वी चित्रकार आणि छाप यांच्यामध्ये लाकडात कोरणारा कारागीर असे. आता त्याची जागा कॅमेऱ्याने घेतली. म्हणजे पूर्ण पुस्तकात चित्रकाराचा हात प्रत्यक्ष टेकला तो फक्त सहीच्या जागी. मग ही सही पोकळ म्हणायची का? तसे नाही. आपल्या नावाने निघालेल्या कामाची जबाबदारी चित्रकाराने तिथे उघडपणे स्वीकारली आहे. पण जबाबदारी घेणे वेगळे आणि हाताने घडवणे वेगळे, हा फरक संग्राहकाने विसरू नये.

न्यूयॉर्कच्या लिमिटेड एडिशन्स क्लबमुळे हा फरक आणखी स्पष्ट होतो. जॉर्ज मेसी यांनी १९२९ साली सुरू केलेला हा क्लब वर्गणीदारांना दरमहा एक पुस्तक देई. १९३४ साली त्यांनी ॲरिस्टोफेनिसचे ‘लायसिस्ट्राटा’ पाब्लो पिकासो यांच्या चित्रांसह काढले. प्रती १५०० आणि प्रत्येकीवर सही. संख्येने त्या रॅकम यांच्या १००० प्रतींहून जास्त आहेत, तरीही त्यांतली सहा चित्रे पिकासो यांच्या मूळ एचिंग-पट्ट्यांवरून, म्हणजे धातूच्या कोरीव पत्र्यांवरून, छापलेली आहेत. हाताचे काम इथे छापापर्यंत पोहोचले आहे. संख्येवरून मोल ठरवणारा संग्राहक नेमकी हीच गोष्ट नजरेआड करतो.

नाटक रंगभूमीसाठी असते, पुस्तकातली चित्रे वाचकाची कल्पना बांधून टाकतात, हा आक्षेप गंभीर आहे. त्याला सर्वांत बळकट उत्तर वायमारच्या क्रानाख प्रेसचे ‘हॅम्लेट’ देते. १९१२च्या जानेवारीत मॉस्को आर्ट थिएटरने दिग्दर्शक एडवर्ड गॉर्डन क्रेग यांच्या रचनेनुसार हे नाटक रंगवले. त्या तयारीत क्रेग यांनी छोट्या नमुना-रंगमंचावर हलवण्यासाठी लाकडाच्या सपाट आकृत्या कापल्या होत्या. त्या आकृत्यांना शाई लावून ठसे घेता येतात, हे पुढे दिसले. त्यातूनच क्रानाख प्रेसचे काउंट हॅरी केसलर यांनी १९२९ साली जर्मन आणि १९३० साली इंग्रजी आवृत्ती घडवली. इंग्रजीच्या साध्या प्रती अवघ्या ३००. मध्यभागी नाटक आणि कडेने सॅक्सो ग्रामॅटिकस व बेलफोरे यांच्या मूळ कथा, अशी तिची पाने आहेत. प्रयोग पडद्याबरोबर संपतो, पण या काळ्या आकृत्यांत दिग्दर्शकाची विचार करण्याची रीत टिकून राहिली. इथे चित्राने कल्पना बांधली नाही, संपून गेलेल्या रंगभूमीचा पुरावा दिला.

म्हणून अशी प्रत हाती आली, की क्रमांक आणि सही शेवटी पाहावी. आधी पाहावे की चित्र कसे छापले आहे, चित्रकाराचा हात कुठवर पोहोचला आहे आणि त्या चित्रामुळे नाटकाविषयी काय कळते. या तीन प्रश्नांना चांगली उत्तरे देणारी प्रत बिनसहीची असली तरी जपावी.