काळाचं भूत



गेल्या हिवाळ्यात आमच्या अकरावीतल्या लेकीने जेवताना प्रश्न टाकला, "बाबा, 'त्साइटगाइस्ट'ला मराठीत काय म्हणतात?" शाळेत तिला त्यावर निबंध लिहायचा होता. मी वरणभात कालवता कालवता म्हणालो, "युगधर्म." पण पाच मिनिटांत माझं उत्तर मलाच पटेना. धर्म म्हटला की तो पाळणं आलं. जर्मन शब्दात तसा हुकूम नाही. 'त्साइट' म्हणजे काळ आणि 'गाइस्ट' म्हणजे मन, बुद्धी, आत्मा, शिवाय चक्क भूतसुद्धा! गंमत म्हणजे आपल्याकडेही 'भूत' म्हणजे सरलेला काळ आणि पिंपळावरचं भूतही.

या निमित्ताने थोडं वाचन झालं, ते तुमच्यापुढे मांडतो.

हा शब्द १७६९ मध्ये योहान गॉटफ्रीड हर्डरच्या लेखनात दिसतो. क्लोट्स नावाच्या पंडिताने लॅटिनमध्ये 'गेनिउस सेकुली', म्हणजे शतकाची प्रकृती, असा शब्दप्रयोग केला होता. त्याच्याशी वाद घालताना हर्डरने हा जर्मन शब्द वापरला. पुढे १८०६ मध्ये एर्न्स्ट मोरित्स आर्न्टने 'काळाचा आत्मा' याच अर्थाच्या नावाने पुस्तक लिहून नेपोलियनवर टीका केली आणि त्यापायी त्याला स्वीडनला पळावं लागलं. आमच्या श्टुटगार्टमध्ये १७७० साली जन्मलेल्या हेगेलच्या नावावर हा शब्द सर्रास खपवला जातो. तो स्वतः बहुधा 'काळाचा आत्मा' असं सुटं सुटं म्हणे. पण कोणीही आपल्या काळाच्या बाहेर उडी मारू शकत नाही, हा विचार मात्र त्याचाच. इंग्रजीने हा शब्द एकोणिसाव्या शतकात जसाच्या तसा उचलला. आज फॅशनपासून निवडणुकीपर्यंत कशालाही तो लावतात.

इथवर सगळं छान. पण लेकीने विचारलं, "मग १९३३ मध्ये लोकांनी पुस्तकं जाळली, तोही त्साइटगाइस्टच का?"

मी गप्प झालो. १० मे १९३३ रोजी बर्लिनच्या ऑपेराच्या चौकात पुस्तकं जाळण्यात पुढाकार होता तो विद्यार्थ्यांचा. आज त्या जागी जमिनीखाली काचेतून दिसणारी रिकामी कपाटं आहेत, वीस हजार पुस्तकं मावतील एवढी. काळाचं वारं अंगात शिरतं ते असं.

मग मी तिला इरावती कर्व्यांची गोष्ट सांगितली. 'युगान्त' लिहिणाऱ्या इरावतीबाई आपल्याला माहीत असतात, पण बर्लिनमधल्या इरावतीबाई फारशा माहीत नसतात. १९०५ चा त्यांचा जन्म. १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्या डॉक्टरेटसाठी बर्लिनला आल्या. सासरे म्हणजे साक्षात धोंडो केशव कर्वे. १८९३ मध्ये विधवेशी लग्न करून ज्यांनी बहिष्कार सोसला, १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला, त्या अण्णांनाही सुनेचं हे परदेशी जाणं पसंत नव्हतं! पती दिनकरराव मात्र पाठीशी उभे राहिले.

बर्लिनमध्ये इरावतीबाईंचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर, वंशशास्त्रातलं त्या वेळचं मोठं प्रस्थ. कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतला फरक आणि वंश यांचा संबंध आहे का, हा विषय. गोरा वंश श्रेष्ठ ही त्या वेळच्या विद्वानांची हवा होती. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या आणि निष्कर्ष लिहिला की असा काही संबंध नाही. परदेशी, विशीतली, एकटी बाई. समोर पदवी देणारे प्राध्यापक! तरीही मोजमाप सांगत होतं तेच त्यांनी लिहिलं. पदवी मिळाली. फिशर १९३३ मध्ये बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले, आणि त्यांच्याच संस्थेकडे पुढे आउशवित्सहून मेंगेले मृत कैद्यांचे अवयव पाठवीत असे.

ही गोष्ट सांगताना मला वाईच्या घरातला एक फोटो आठवत होता. माझ्या वडिलांच्या आत्याचा. लाल आलवण, डोक्यावरून पदर, नजर जमिनीकडे. तिचाही जन्म १९०५ चाच. चौदाव्या वर्षी नवरा गेला आणि घरच्यांनी न्हावी बोलावला. आम्ही लहानपणी विचारलं की मोठी माणसं म्हणत, "अरे, तेव्हाचा काळच तसा होता." तेवढ्यावर विषय संपे.

वडील गेल्यावर मी वाईला जाऊन ट्रंका आवरल्या. पणजोबांच्या कागदांत एक पावती निघाली: हिंगण्याच्या आश्रमाला दिलेल्या दोन रुपयांची, साल १९२०. म्हणजे आत्याआजीच्या केशवपनानंतरच्याच वर्षी! आश्रम त्यांना ठाऊक होता, पटतही होता, पुण्याचा रस्ताही माहीत होता. पैसे गेले, लेक गेली नाही. ती पुढे पन्नास वर्षं माजघरात सोवळ्याचा स्वयंपाक करीत राहिली.

पणजोबा दुष्ट नव्हते. गावात तोंड कसं दाखवायचं, धाकट्या मुलींची लग्नं कशी व्हायची, ही भीती खरी असणार. काळाने ती भीती समजते. पण तो काळ एका सुरात बोलत नव्हता, हे ती पावतीच सांगते. शांतिपर्वात भीष्म युधिष्ठिराला सांगतात की काळ राजाला घडवतो की राजा काळाला, अशी शंकाच नको. राजाच काळाला घडवतो. घरापुरते तरी पणजोबा राजेच होते.

लेक सगळं ऐकून म्हणाली, "बाबा, आपल्या मंडळात अजून लग्नाच्या यादीत जात लिहितात. त्याला काय म्हणायचं?" मी म्हणालो, "लिहू नका म्हणून सांगायला हवं." या वर्षीच्या सभेत मी ते सांगितलं. यादी अजून बदललेली नाही. पुढच्या सभेत पुन्हा सांगणार आहे.

आत्याआजीचा फोटो आता आमच्या दिवाणखान्यात आहे. पावतीही त्याच चौकटीत लावली आहे. पाहुणे विचारतात तेव्हा "काळच तसा होता" असं मी म्हणत नाही. दोन्ही दाखवतो आणि चहा ठेवतो.