लोंगारोने

लोंगारोने हे इटलीच्या व्हेनेतो प्रदेशातील बेल्लुनो प्रांतामधील एक लहान शहर आहे. ते आल्प्स पर्वतातील दोलोमाइट रांगांमध्ये, प्याव्हे नदीच्या काठी वसलेले आहे. १९६३ सालच्या व्हायोंत धरण दुर्घटनेमुळे हे नाव जगाला परिचित झाले.

भूगोल

शहरासमोर, प्याव्हेच्या पलीकडे, व्हायोंत नदीची अरुंद घळई उघडते. पिरागो, रिव्हाल्ता, व्हिल्लानोव्हा व फाए ही लोंगारोनेच्या परिसरातील गावे होत. घळईच्या वरच्या अंगाला डोंगरउतारावर एर्तो आणि कास्सो ही गावे आहेत.

व्हायोंत दुर्घटना

वीजनिर्मितीसाठी या घळईत सुमारे २६१ मीटर उंचीचे काँक्रीटचे कमानी धरण बांधण्यात आले. जलाशयाच्या डाव्या तीरावरील मोंते तोक हा डोंगर मात्र अस्थिर होता. त्याच्या चुनखडीच्या थरांमध्ये चिकणमातीचे पातळ पट्टे होते. ४ नोव्हेंबर १९६० रोजी त्याचा एक भाग जलाशयात कोसळला व डोंगरावर लांबलचक भेग पडली. एर्तोच्या रहिवाशांनी व्यक्त केलेली भीती तिना मेर्लिन या पत्रकार महिलेने वृत्तपत्रातून मांडली, तेव्हा खोट्या बातम्या पसरविल्याचा खटला तिच्यावरच भरण्यात आला. त्यातून ती निर्दोष सुटली.

९ ऑक्टोबर १९६३ रोजी रात्री १०.३९ वाजता सुमारे २६ कोटी घनमीटर दरड एका मिनिटाच्या आत जलाशयात घसरली. उसळलेले पाणी धरणावरून झेपावून लोंगारोनेवर आदळले. शहर व खालची गावे जवळजवळ नामशेष झाली; जलाशयाकाठच्या वाड्याही वाहून गेल्या. सुमारे १,९०० माणसे मृत्युमुखी पडली. धरणाची भिंत मात्र उभीच राहिली. धोका बांधकामात नसून डोंगरात होता, हे त्यातून स्पष्ट झाले. ही दुर्घटना आधी ओळखता येण्याजोगी होती, हे १९७१ साली न्यायालयाच्या अंतिम निकालात मान्य झाले.

पुनर्वसन व सद्यःस्थिती

शहर मूळ जागीच पुन्हा वसविण्यात आले. तेथील नवे चर्च वास्तुविशारद जोव्हान्नी मिकेलुच्ची यांनी रचले. मृतांचे स्मारक-दफनस्थान फोर्तोन्या येथे आहे. एर्तो व कास्सो येथील अनेक विस्थापितांसाठी मानियागोजवळ व्हायोंत नावाचे नवे गाव उभारण्यात आले. २०१४ साली शेजारचे कास्तेल्लाव्हाझ्झो लोंगारोनेत विलीन झाले. लोंगारोने येथे भरणारा आइस्क्रीम व्यवसायाचा आंतरराष्ट्रीय मेळा प्रसिद्ध आहे.