कृमी, गिंको आणि स्मृतिभ्रंश

१९०६ साली जर्मनीतील ट्युबिंगेन येथे भरलेल्या सभेत डॉ. अलॉइस आल्झायमर यांनी एका स्त्री रुग्णाची हकीकत मांडली. तिची स्मृती हळूहळू नष्ट झाली होती. मृत्यूनंतर तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला असता चेतापेशींच्या आत तंतूंचे गुंते आणि पेशींबाहेर एका अनोळखी पदार्थाचे साठे आढळले. हा पदार्थ कोणता, हे कळायला पाऊणशे वर्षांहून अधिक काळ जावा लागला. १९८४ साली ग्लेनर व वाँग यांनी रुग्णांच्या मेंदूच्या आवरणातील रक्तवाहिन्यांतून बीटा-अमायलॉइड हे छोटे प्रथिन वेगळे केले. मेंदूतील साठेही त्याचेच असल्याचे पुढच्याच वर्षी दिसले.

आता प्रश्न असा, की हे प्रथिन पेशींना अपाय करते का आणि तो अपाय रोखता येईल का? माणसात हा रोग वर्षानुवर्षे वाढत राहतो. तेव्हा झटपट उत्तर देणारा प्राणी हवा होता. सिडनी ब्रेनर यांनी १९७४ साली संशोधकांपुढे ठेवलेला सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स हा कृमी येथे उपयोगी पडला. लांबी एक मिलिमीटर, शरीर पारदर्शक, चेतापेशी अवघ्या ३०२ आणि आयुष्य दोन-तीन आठवड्यांचे! १९९५ साली ख्रिस्तोफर लिंक यांनी मानवी बीटा-अमायलॉइड या कृमीच्या स्नायूंत तयार करवले. वय वाढेल तसे हे कृमी लुळे पडू लागले. म्हणजे औषधाची परीक्षा सोपी झाली. स्पर्श केल्यावर किती कृमी हलतात, ते मोजायचे.

२००६ साली युआन लुओ व सहकाऱ्यांनी गिंको या चिनी वृक्षाच्या पानांचा अर्क अशा कृमींना दिला. त्यांचे लुळे पडणे लांबले. आशा वाढली.

परंतु २००८ साली अमेरिकेतील मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. ७५ वर्षे व त्यावरील ३,०६९ व्यक्तींपैकी काहींना गिंकोचा अर्क, तर काहींना तशाच दिसणाऱ्या निष्क्रिय गोळ्या दिल्या होत्या. सुमारे सहा वर्षांत गिंको घेणाऱ्या १,५४५ जणांपैकी २७७ जणांना, तर निष्क्रिय गोळ्या घेणाऱ्या १,५२४ पैकी २४६ जणांना स्मृतिभ्रंश झाला. गिंकोने संरक्षण मिळाले नाही.

मग कृमीने आपल्याला फसवले का? तसे म्हणता येणार नाही. त्याला विचारलेला प्रश्नच मर्यादित होता. त्याच्यात प्रथिन स्नायूंत साठते, मेंदूत नव्हे. माणसात औषधाला रक्तातून मेंदूत शिरावे लागते आणि लक्षणे दिसण्यापूर्वीच रोग अनेक वर्षे मुरलेला असतो. कृमी ही पहिली चाळणी आहे, शेवटची नव्हे.

हळदीतील कर्क्युमिनने कृमींचे आयुष्य वाढल्याचे २०११ साली प्रसिद्ध झाले. अशी बातमी वर्गात आली, तर विद्यार्थ्यांना तीन प्रश्न विचारायला सांगावे: प्रयोग कोणावर झाला? मात्रा किती होती? तुलनेसाठी दुसरा गट होता का? घरातल्या आजी-आजोबांसाठी महागड्या गोळ्या विकत घेण्यापूर्वी या प्रश्नांची उत्तरे मिळालेली बरी.