पुसलेली फाईल जाते कुठे?

संगणकावरची एखादी फाईल आपल्या हातून पुसली जाते आणि पडद्यावरून तिचे नाव नाहीसे होते. पण तिच्यातल्या मजकुराचे काय होते? मुले हा प्रश्न हमखास विचारतात. त्याचे उत्तर गेल्या चार दशकांच्या इतिहासात सापडते.

आधी शाळेच्या ग्रंथालयाचे उदाहरण घेऊ. प्रत्येक पुस्तकाचे एक कार्ड असते. पुस्तक कोणत्या कपाटात, कोणत्या खणात आहे हे त्यावरून कळते. कोणी ते कार्ड फाडले, तर पुस्तक नाहीसे होईल का? ते खणातच राहील, पण त्याचा पत्ता सांगणारे काही उरणार नाही. आणि तो खण रिकामा समजून कोणी तिथे नवे पुस्तक ठेवले, की मात्र जुने कायमचे गेले.

१९८१ च्या ऑगस्टमध्ये आयबीएम कंपनीने आपला ‘पर्सनल कॉम्प्युटर’ बाजारात आणला. त्याच्या फ्लॉपीवर १६० किलोबाइट एवढाच मजकूर मावत असे. मायक्रोसॉफ्टची डॉस ही प्रणाली फ्लॉपीवर दोन याद्या ठेवत असे. पहिलीत फाईलचे नाव, आकार आणि तिचा पहिला तुकडा कुठे आहे याची नोंद असे. दुसरीत पुढच्या तुकड्यांचे पत्ते असत. फाईल पुसण्याची आज्ञा मिळाली, की डॉस नावाच्या पहिल्या अक्षराच्या जागी एक ठरावीक खूण करी आणि दुसऱ्या यादीत त्या फाईलच्या जागा रिकाम्या म्हणून नोंदवी. मूळ मजकुराला हातही लागत नसे. सगळा मजकूर खोडायला वेळ लागला असता. खूण करायला क्षण पुरत असे.

अमेरिकेतील प्रोग्रॅमर पीटर नॉर्टन यांच्या हातून एकदा अशीच फाईल पुसली गेली. सगळी माहिती पुन्हा भरण्याऐवजी त्यांनी ती फाईल शोधून काढणारा प्रोग्रॅमच लिहिला. १९८२ मध्ये ‘नॉर्टन युटिलिटीज’ या संचातून तो इतरांच्या हाती आला. पुढे १९९१ च्या डॉस ५.० मध्ये अशी सोय अंगभूतच होती. फाईल परत आणताना संगणक वापरणाऱ्यालाच विचारी, ‘नावाचे पहिले अक्षर कोणते?’ कारण नेमके तेवढेच त्याच्याजवळ उरलेले नसे! शिवाय पुढच्या तुकड्यांचे पत्तेही गेलेले असत. तुकडे सलग ठेवलेले असले तर फाईल अखंड मिळे, विखुरलेले असले तर अर्धीमुर्धी.

दरम्यान १९८४ च्या मॅकिंटॉशवर कचऱ्याचा डबा दिसू लागला. विंडोजमध्ये १९९५ साली ‘रिसायकल बिन’ आले. पुसलेली फाईल आता आधी डब्यात जाऊ लागली. पण युनिक्स प्रणालीतील पुसण्याच्या आज्ञेला असा डबा नव्हता. याचा फटका १९९८ मध्ये पिक्सार या चित्रपटसंस्थेला बसला.

तिथे ‘टॉय स्टोरी २’ या चित्रपटाचे काम चालू होते. एके दिवशी कुणीतरी चुकीच्या ठिकाणी पुसण्याची आज्ञा दिली आणि पात्रे, देखावे, दृश्ये भराभर नाहीशी होऊ लागली. संगणकाची वीज तोडेपर्यंत सुमारे ९० टक्के चित्रपट गेला होता. रोजची प्रत चुंबकीय फितीवर घेतली जात होती, म्हणून सगळे निर्धास्त होते. प्रत्यक्षात ती यंत्रणा काही काळापासून नीट चालतच नव्हती आणि ते कुणाच्या लक्षात आले नव्हते. फिती पाहिल्याच नव्हत्या, तर दोष कळणार कसा?

चित्रपट वाचला तो गॅलिन सुसमन यांच्यामुळे. या तंत्र-दिग्दर्शिका बाळंतपणानंतर घरून काम करत होत्या आणि त्यासाठी चित्रपटाची एक प्रत त्यांच्या घरच्या संगणकावर होती. तो संगणक गोधड्यांत गुंडाळून मोटारीतून हळूहळू संस्थेत आणला गेला. त्या प्रतीवरून हजारो फाईल तपासून काम पुन्हा उभे राहिले आणि १९९९ च्या नोव्हेंबरमध्ये चित्रपट पडद्यावर आला. आज्ञा कुणी दिली हे शोधण्यात संस्थेने वेळ घालवला नाही, हेही शिक्षकांनी लक्षात घ्यावे असे आहे.

२०११ च्या फेब्रुवारीत गूगलच्या जीमेल सेवेतील सुमारे ०.०२ टक्के लोकांच्या पत्रपेट्या अचानक रिकाम्या दिसू लागल्या. पत्रांच्या अनेक प्रती वेगवेगळ्या केंद्रांत होत्या. पण सगळी केंद्रे एकमेकांना जोडलेली असल्याने प्रोग्रॅममधला एकच दोष अनेक प्रतींना भोवला. पत्रे परत आली ती कपाटात ठेवलेल्या चुंबकीय फितींवरून. जोडलेली प्रत मूळ प्रतीबरोबर बिघडू शकते. बाजूला काढून ठेवलेली प्रत सुरक्षित राहते.

आज संगणकांत चकतीऐवजी इलेक्ट्रॉनिक साठवण, म्हणजे एसएसडी, आली आहे. तिच्यात फाईल पुसली, की त्या जागा आता नको आहेत असे संगणक तिला कळवतो आणि ती त्या खरोखरच साफ करते. मग नॉर्टन यांची युक्ती सहसा चालत नाही. डॉसच्या काळातली ती सवलत आता संपत चालली आहे.

वर्गात हे करून पाहता येईल. कामाचे काही नसलेल्या एका पेनड्राइव्हवर दोन-तीन छायाचित्रे ठेवा आणि पुसा. मग ‘फोटोरेक’ या मोफत प्रोग्रॅमने ती शोधा. सापडलेली छायाचित्रे पेनड्राइव्हवर न ठेवता संगणकावर ठेवा. असे का, हे मुलांनाच विचारा. ग्रंथालयाच्या रिकाम्या खणाचे उदाहरण त्यांना आठवेल.

आणि शाळेच्या निकालपत्रकांचे, हजेरीचे काय? त्यांची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या, ती डिस्क संगणकापासून सोडवून वेगळ्या खोलीत ठेवा आणि सत्रातून एकदा तिच्यातली एखादी फाईल उघडून पाहा. पिक्सारमध्ये राहून गेले ते हेच शेवटचे काम.