शिदोरीसकट पाठवणी

खेड्यातले लग्न ज्यांनी जवळून पाहिले आहे, त्यांना गावकीची भांडी ठाऊक असतील. मोठी पातेली, पराती, झारे हे काही प्रत्येक घरी नसते. ते देवळाच्या खोलीत ठेवलेले असते आणि ज्याच्या घरी कार्य असेल तो ते घेऊन जातो. सोय मोठी आहे. पण एका दिवशी दोन लग्ने निघाली, किंवा कोणी पातेल्याचे झाकण बदलून ठेवले, की आचारी कपाळाला हात लावतो. म्हणून काही शहाणी माणसे आचाऱ्याला त्याची भांडी घेऊनच बोलावतात. बोजा वाढतो खरा, पण खोळंबा होत नाही.

वाचकहो, आज मी सांगणार आहे तो इतिहास संगणकावरील एका प्रोग्रॅमचा आहे. पण त्याचे मर्म या भांड्यांतच आहे. त्या प्रोग्रॅमचे नाव ऑडॅसिटी. आवाज मुद्रित करावा, नको तो भाग कापावा, खरखर कमी करावी आणि तयार फाईल दुसऱ्याला द्यावी, एवढी कामे तो करतो. त्याला पैसे पडत नाहीत. शाळेसाठी कविता आणि पाढे मुद्रित करणाऱ्या आपल्यापैकी कित्येकांनी तो वापरलाही असेल. तो लिहिला कसा, यापेक्षा तो बांधून लोकांच्या हाती दिला कसा, ही गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते.

आधी दोन शब्द समजून घेऊ. पहिला ‘सोर्स कोड’. माणसाने लिहिलेला प्रोग्रॅमचा मूळ मजकूर तो सोर्स कोड. त्यावरून यंत्राला कळेल असा तयार प्रोग्रॅम बनतो. १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू नावाचा उपक्रम जाहीर केला. प्रोग्रॅम वापरणाऱ्याला त्याचा सोर्स कोड मिळावा, तो बदलण्याची आणि वाटण्याची मोकळीक असावी, असा त्यांचा आग्रह. या मोकळिकीला कायद्याचे कुंपण हवे म्हणून १९८९ मध्ये जीपीएल हा परवाना निघाला आणि १९९१ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती आली. हे दुसऱ्या आवृत्तीचे नाव लक्षात ठेवा. पुढे तिचे काम आहे.

दुसरा शब्द ‘लायब्ररी’. ही पुस्तकांची लायब्ररी नव्हे. एकाने एकदा नीट करून ठेवलेले आणि पुष्कळांनी वापरावयाचे काम म्हणजे संगणकाची लायब्ररी. गावकीची भांडीच म्हणा ना! नवा प्रोग्रॅम लिहिणारा सगळे काही स्वतः करीत बसत नाही. तो चार लायब्ऱ्या घेतो आणि त्यांच्यावर आपला स्वयंपाक मांडतो. मात्र त्या लायब्ऱ्या ज्याच्या संगणकावर नसतील, त्याच्याकडे तो प्रोग्रॅम चालत नाही.

आता ऑडॅसिटीकडे वळू. १९९९ साली अमेरिकेतील पिट्सबर्ग येथील कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक माझोनी हा विद्यार्थी आणि रॉजर डॅननबर्ग हे प्राध्यापक यांनी हे काम हाती घेतले. आवाजाच्या अभ्यासासाठी त्यांना एक साधन हवे होते. २८ मे २००० रोजी त्यांनी ०.८ ही आवृत्ती सर्वांसाठी खुली केली. हा प्रोग्रॅम विंडोज, मॅकिंटॉश आणि लिनक्स या तिन्ही प्रकारच्या संगणकांवर चालावा, अशी इच्छा होती. तीन गावांची रीत निराळी, पण पंगत एकच! ते जमले लायब्ऱ्यांमुळे. पडद्यावरच्या खिडक्या आणि बटणे काढण्यासाठी डब्ल्यूएक्सविजेट्स ही लायब्ररी होती. ती १९९२ साली एडिंबरो विद्यापीठात ज्यूलियन स्मार्ट यांनी सुरू केली होती. माइकमधून आवाज आत घेणे आणि स्पीकरमधून बाहेर काढणे, हे काम पोर्टऑडिओकडे. ती रॉस बेन्सिना आणि फिल बर्क यांच्या कामातून उभी राहिली. फाईल वाचण्यासाठी, वेग बदलण्यासाठी अशाच आणखी लायब्ऱ्या. एका प्रोग्रॅममागे किती घरची भांडी, पाहा!

मग प्रश्न आला बांधणीचा. त्याच्या दोन रीती आहेत. पहिली रीत लिनक्सवाल्यांची. इयन मर्डॉक यांनी १९९३ साली डेबियन हा प्रकल्प सुरू केला. तेथे प्रत्येक प्रोग्रॅमच्या पुडक्यावर चिठ्ठी असते की मला अमुक लायब्ररी लागते, आणि ती अमुक आवृत्तीच्या पुढची लागते. १९९९ च्या डेबियन २.१ पासून ॲप्ट नावाचे साधन मिळाले. ते चिठ्ठी वाचून लागेल ते सामान आपण होऊन आणते. ही झाली गावकीची रीत. लायब्ररीतला दोष एके ठिकाणी काढला की सर्वांचा निघतो. पण आवृत्ती जुळली नाही तर सगळेच अडते.

दुसरी रीत विंडोज आणि मॅकवाल्यांची. तेथे घराघरांत काय सामान आहे याचा भरवसा नाही. म्हणून सगळ्या लायब्ऱ्या पोटलीत बांधूनच प्रोग्रॅम पाठवावयाचा. ऑडॅसिटीवाल्यांनी तर कित्येक लायब्ऱ्यांच्या प्रती, आपल्या दुरुस्त्यांसह, स्वतःच्या सोर्स कोडमध्येच एका कप्प्यात ठेवल्या होत्या. डेबियनच्या मंडळींना हे फारसे रुचत नसे. ते म्हणत, सामायिक भांडे असताना घरोघरी वेगळे कशाला? दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी बरोबर होते.

येथवर सारे कौशल्याचे काम झाले. पण एक लायब्ररी अशी होती की ती पोटलीत घालण्यास कौशल्य पुरेसे नव्हते. ती एमपी-थ्रीची.

एमपी-थ्री म्हणजे आवाजाची फाईल लहान करण्याची रीत. साध्या वाव्ह फाईलला सीडीच्या दर्जाने मिनिटाला सुमारे दहा मेगाबाइट जागा लागते. एमपी-थ्रीत तेच काम सुमारे एका मेगाबाइटमध्ये होते. ही रीत जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेच्या आणि इतरांच्या संशोधनातून आली आणि १९९३ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक म्हणून प्रसिद्ध झाली. पण तिच्यावर पेटंटे होती. १९९८ च्या सप्टेंबरात फ्राउनहोफरने विनामूल्य एमपी-थ्री प्रोग्रॅम करणाऱ्यांना पत्रे पाठवून परवाना घेण्याविषयी बजावले.

त्याच वर्षी माइक चेंग यांनी लेम नावाचे काम सुरू केले होते. इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थ ‘लंगडा’! हे एमपी-थ्री बनविण्याचे साधन नव्हेच, असे ते नावच थट्टेने सांगत असे. आरंभी ते मानकाबरोबर मिळणाऱ्या नमुना प्रोग्रॅमवरच्या दुरुस्त्या एवढेच होते. २००० सालापर्यंत जुना मजकूर सर्व जाऊन ते स्वतंत्र आणि उत्तम साधन झाले. पण लेमची मंडळी फक्त सोर्स कोड वाटत. तयार प्रोग्रॅम वाटत नसत.

आपण म्हणाल, ऑडॅसिटीवाल्यांनी वर्गणी काढून परवाना का घेतला नाही? तर जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीत एक कलम आहे. त्याचा भावार्थ असा: पेटंटामुळे जर पुढच्या प्रत्येकाला विनामूल्य वाटण्याची मोकळीक देता येत नसेल, तर तुम्हीही वाटू नका. म्हणजे एकट्याने पैसे भरून स्वतःपुरती सुटका करून घेता येत नाही. मोकळीक सर्वांना, नाहीतर कोणालाच नाही. हे कलम कडक आहे. पण त्यामागचा विचार थोर आहे, असे मला वाटते.

ऑडॅसिटीवाल्यांनी मग एक वाट काढली. पोटलीत लेम घातले नाही, पण त्याच्यासाठी दार मोकळे ठेवले. वापरणाऱ्याने लेम दुसरीकडून आणावे आणि ते कोठे ठेवले आहे हे प्रोग्रॅमला दाखवावे. कायद्याच्या दृष्टीने हे निर्दोष होते. गैरसोय मात्र वापरणाऱ्याच्या वाट्याला आली.

ती माझ्याही वाट्याला आली. २००९ साली मी माझ्या आत्याच्या जात्यावरच्या ओव्या मुद्रित केल्या. जवळपास पाऊण तास ती गात होती. गावच्या शाळेतल्या मुलांना ऐकवाव्यात म्हणून मी एमपी-थ्री करावयास गेलो, तो पडद्यावर विचारणा आली की लेमची फाईल कोठे आहे? घरी इंटरनेट नव्हते. वाव्ह फाईल करावी तर ती माझ्या जुन्या पेनड्राइव्हमध्ये मावेना. म्हटले, तालुक्याला जाऊ तेव्हा पाहू. ऑडॅसिटीच्या कामाची फाईल तेवढी पेनड्राइव्हवर घेतली. चिमुकली फाईल, झटकन उतरली. मला त्याचा आनंद झाला. खरे तर तेव्हाच शंका यावयास हवी होती.

कारण त्या काळी ऑडॅसिटीचे काम दोन ठिकाणी राहत असे. लहान फाईलमध्ये फक्त टाचण. खरा आवाज शेजारच्या एका फोल्डरमध्ये. मी टाचण आणले आणि आवाज मागे ठेवला. पुढे तो संगणक बिघडला आणि दुरुस्तीत सगळे पुसले गेले. आत्या दुसऱ्या वर्षी गेली. ती चिमुकली फाईल अजून माझ्याकडे आहे. उघडली की आवाज सापडत नाही, असे ती सांगते.

चूक माझीच. पण वाचकहो, नीट पाहा. प्रोग्रॅम शिदोरीवाचून आला म्हणून काम अडले. आणि अडलेले काम मी शिदोरीवाचून पाठविले म्हणून ते गेले. दोन्ही ठिकाणी उणीव एकच.

पुढचा इतिहास सुखाचा आहे. पेटंटांची मुदत संपत गेली आणि २३ एप्रिल २०१७ रोजी एमपी-थ्रीचा परवान्यांचा कार्यक्रम बंद झाला. मे २०१९ मध्ये निघालेल्या २.३.२ या आवृत्तीपासून लेम ऑडॅसिटीच्या पोटलीतच येऊ लागले. सुमारे एकोणीस वर्षांनी! इतर काही प्रकारच्या फाईलींसाठी एफएफएमपेग हा संच त्यानंतरही वेगळा आणावा लागत असे; पण मोठी अडचण सरली.

दुसरी दुरुस्ती मार्च २०२१ ची. ३.० या आवृत्तीपासून टाचण आणि आवाज एकाच फाईलीत राहू लागले. हे कशाने साधले? तर एसक्यूलाइट या आणखी एका लायब्ररीने. अमेरिकेतील रिचर्ड हिप यांनी २००० साली प्रथम प्रसिद्ध केलेली ही लायब्ररी त्यांनी सर्वांच्या मालकीची म्हणून सोडून दिली आहे. तिला ना परवान्याचा फास, ना पेटंटाची भीती. म्हणून ती निर्धास्तपणे पोटलीत घालता आली. अर्थात, हात चुकण्याची भीती यानेही सर्वस्वी गेली नाही. पण माझ्यासारख्याचा आवाज तरी मागे राहणार नाही.

या इतिहासात मला एक गोष्ट दिसते. वस्तू फुकट दिली म्हणजे दान पुरे झाले, असे नाही. ती चालण्यास जे जे लागते ते बरोबर आले पाहिजे, आणि ते बरोबर देण्याचा अधिकारही आपल्याला असला पाहिजे. हा अधिकार मिळेपर्यंत ऑडॅसिटीच्या मंडळींनी सुमारे दोन दशके वाट पाहिली; चोरवाट धरली नाही.

शिक्षकमित्रहो, आपल्या गावात अजून ओव्या म्हणणाऱ्या, गोष्टी सांगणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचे आवाज आहेत. ते मुद्रित करा. मुद्रित केल्यावर त्याच दिवशी एक वाव्ह आणि एक एमपी-थ्री, अशा दोन फाईली काढा. त्या दोन वेगळ्या जागी ठेवा आणि दुसऱ्याच्या संगणकावर लावून एकदा ऐका. तेथे वाजल्या तरच पाठवणी पुरी झाली म्हणायची.